पुट, गेट, टेक : इंग्रजीच्या घरगुती क्रियापदांची शिकवणी

‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हटलं की माणूस बोलायचा थांबला, गप्प झाला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हटलं की तो जाता जाता थांबला आणि बोलू लागला. क्रियापदं तीच, अर्थ मात्र नेमका उलटा. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणणाऱ्याने कुलूप लावायचं लक्षात ठेवलं होतं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणणाऱ्याला कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलता येईल असा चेंडू त्याच्याकडे टाक, आणि ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे नेम धरून त्याला मार. कऱ्हाडजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. या असल्या जोड्या हा त्या शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि मला सगळ्यात आवडता.

ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांना या फरकांची जाणीव सहसा नसते. आपलंही तेच आहे. ‘सांगून बसला’ आणि ‘सांगून मोकळा झाला’ यात काय फरक, असं कुणी एकदम विचारलं तर आपण अडखळू, पण दोन्ही वाक्यं आपण दिवसभर बिनचूक वापरतो. फरक दिसतो तो बाहेरून येणाऱ्याला. इंग्रजी क्रियापदांचे हे बारकावे कुणी, कुठे आणि कशासाठी टिपून ठेवले, याचा शोध घेऊ लागलं की लंडन आणि ऑक्सफर्ड ही गावं लागतातच. पण त्याहून जास्त वेळ मुक्काम करावा लागतो तो ढाका आणि टोकियोत. वाटेत पुणं आणि मुंबईही लागते. निवृत्तीनंतर हा इतिहास मी हाताला लागेल तसा वाचत गेले आणि त्यात पार गुंतले.

सुरुवात डॉ. सॅम्युअल जॉन्सनपासून करावी लागते. त्यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. प्रस्तावनेत त्यांनी एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे : इंग्रजीत क्रियापदाच्या मागे एखादं छोटं अव्यय लावून त्याचा अर्थच बदलतात, आणि परक्या माणसाला या भाषेत सगळ्यात जास्त अडचण येते ती इथेच. ‘कम ऑफ’, ‘गिव्ह ओव्हर’, ‘सेट ऑफ’ अशी उदाहरणं देऊन ते सांगतात की ही रूपं आपण काळजीपूर्वक गोळा केली आहेत. एवढा मोठा कोशकार आपल्या भाषेकडे परक्याच्या नजरेने पाहतो, ही मला त्या प्रस्तावनेतली फार मोलाची गोष्ट वाटते.

ही रूपं इंग्रजीत आली कशी, तेही पाहायला हवं. जुन्या इंग्रजीत अव्यय बहुधा क्रियापदाच्या पुढे चिकटायचं, संस्कृतातल्या उपसर्गासारखं. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात हे आपण शाळेत शिकतो, तीच तऱ्हा. पुढे हे अव्यय हळूहळू क्रियापदाच्या मागे सरकलं. नवव्या-दहाव्या शतकात इंग्लंडात येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत हीच सवय होती आणि तिचा परिणाम झाला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत, म्हणजे बाराव्या शतकात, किल्ला स्वाधीन करण्याच्या अर्थाने ‘गिव्ह अप’ येऊन बसलेलं दिसतं.

मधल्या काळात १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं होतं. दरबार, कायदा, विद्या यांत फ्रेंच आणि लॅटिन वळणाचे शब्द भरत गेले. ‘एक्स्टिंग्विश’, ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ ही त्या बाजूची मंडळी. घरात, शेतात, गोठ्यात मात्र लोक ‘पुट आउट’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’ असंच बोलत राहिले. एकाच कामाला एक दरबारी क्रियापद आणि एक घरगुती, अशी जोडी इंग्रजीत जागोजाग आहे. आपल्याकडच्या इंग्रजी शिक्षणाची निम्मी हकिगत या एका गोष्टीत आहे, कारण आपल्याला दरबारी क्रियापद आधी भेटलं.

मराठीशी या घरगुती क्रियापदांची पहिली मोठी गाठ पडली ती कोशात. कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांनी थॉमस आणि जॉर्ज कँडी या जुळ्या भावांच्या साह्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, तो आजही आपल्या वापरात आहे. त्याच्या उलट दिशेचा, इंग्रजीतून मराठीत येणारा कोशही मोल्सवर्थ यांनीच हाती घेतला होता, पण प्रकृतीमुळे त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. तो थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि १८४७ साली प्रसिद्ध झाला. मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते हेच कँडी. एका ‘पुट’ला मराठीत किती वाटा फुटतात ते पाहा : बैठक ‘पुट ऑफ’ केली तर ती लांबणीवर टाकली, अंगरखा ‘पुट ऑन’ केला तर तो अंगात घातला, दिवा ‘पुट आउट’ केला तर विझवला, आणि एखाद्याचं बोलणं ‘पुट अप विथ’ केलं तर सोसलं. मराठीत आणताना ‘ठेवणे’ एकदाही आलं नाही. कँडींसारख्या इंग्रज माणसाला मराठी शास्त्र्यांबरोबर बसून आपल्याच भाषेतलं हे क्रियापद असं उलगडून पाहावं लागलं असणार. पुढे नीळकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ ते १९१६ या काळात विसाव्या शतकासाठी म्हणून नवा इंग्रजी-मराठी कोश रचला. एका माणसाने चौदा वर्षं हे काम रेटून नेलं. महाराष्ट्राने रानड्यांची आठवण यापेक्षा जास्त ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

कोश होते, पण शाळेतली इंग्रजी वेगळ्या रस्त्याने चालली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पिढ्यांचं इंग्रजी पाहिलं की मान आदराने झुकते. मिल्टन, बर्क, मेकॉले वाचून कमावलेलं ते इंग्रजी होतं. व्याख्यानाला, अर्जाला, अग्रलेखाला आणि कोर्टाला लागणारं सगळं त्यात होतं. घरगुती क्रियापदं त्यात कमी होती, कारण बर्क काही स्वयंपाकघरातलं बोलत नाही. मराठी माणसाच्या तोंडी ‘पोस्टपोन’ सहज आलं आणि ‘पुट ऑफ’ला वेळ लागला. ‘पोस्टपोन’ इतकं अंगवळणी पडलं की त्याच्या उलट अर्थाचं ‘प्रीपोन’ भारतात सर्रास रूढ झालं आणि पुढे इंग्रजी कोशांनीही ते भारतीय इंग्रजी म्हणून नोंदवलं.

शाळेतला रोजचा रियाज भाषांतराचा होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी करायचं, आणि चुकलं की पुन्हा करायचं. माझे वडील त्या पाठमालेतले धडे म्हातारपणीही चालीवर म्हणून दाखवायचे. या पद्धतीला पुढे पुष्कळ नावं ठेवली गेली. मला ती पटत नाहीत, कारण भाषांतर करताना मुलाला दोन भाषांमधली फट निदान दिसते तरी.

याच्या जोडीला व्याकरणाची पुस्तकं आली. उत्तर हिंदुस्थानात शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणं १८९० नंतर घरोघर पोचली. त्यानंतर आलं ‘रेन अँड मार्टिन’. यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीची कादंबरी लिहिणारे लेखक, आणि ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. मार्टिन यांच्या जोडीने केलेलं त्यांचं हायस्कूल व्याकरण १९३०च्या दशकात निघालं आणि अजून दुकानात मिळतं. या पुस्तकांत क्रियापदं आणि त्यांची अव्ययं अकारविल्हे लावलेली असतात. माणसाशी ‘ॲग्री विथ’, प्रस्तावाला ‘ॲग्री टू’. ‘ब्रेक’च्या पुढे ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘अप’ यांची रांग, आणि प्रत्येकासमोर एक अर्थ, एक वाक्य. आम्ही ती पाठ केली आणि पाठ करून घेतली. परीक्षेला ती उपयोगी पडली. पण यादीतून मुलाला रूप कळतं, प्रसंग कळत नाही. दरवाजा फोडून चोर आत शिरला की ‘ब्रोक इन’, गावात साथ पसरली की ‘ब्रोक आउट’, बोलता बोलता बाईला रडू कोसळलं की ‘ब्रोक डाउन’. हे प्रसंग एकमेकांपासून कोसभर लांब आहेत आणि यादीत ते खेटून उभे केलेले असतात. मूल गोंधळतं ते त्यामुळे.

आता ढाक्याला जाऊ. मायकेल वेस्ट हा इंग्रज अधिकारी १९१२ साली भारतीय शिक्षणसेवेत आला आणि पुढे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचा त्याचा ग्रंथ १९२६ सालचा. त्याने एक साधा, निर्दय प्रश्न विचारला. बहुतेक मुलं काही इयत्ता इंग्रजी शिकून शाळा सोडतात. सोडताना त्यांच्या हाती काय उरतं? विम्याच्या धंद्यातला ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा शब्द त्याने त्यासाठी वापरला. पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम परत मिळते, तसं अर्ध्यात सोडलेल्या इंग्रजीतून मुलाला काही परत मिळालं पाहिजे. त्याचं उत्तर होतं, आधी वाचता येऊ द्या, आणि त्यासाठी शब्द मोजून मापून द्या. १९३५ साली त्याने जे. जी. एंडिकॉट यांच्यासह परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. त्यात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रयोग अवघ्या १,४९० शब्दांच्या भांडवलावर समजावून दिले होते. कठीण शब्दाचा अर्थ त्याहून कठीण शब्दात सांगायचा नाही, हा नियम आज कुठल्याही विद्यार्थी-कोशात दिसतो. त्याचं मोठं श्रेय ढाक्याच्या या मास्तराला आहे.

त्याच सुमाराला इंग्लंडात सी. के. ऑग्डेन यांनी ‘बेसिक इंग्लिश’ ही मोहीम काढली होती. १९३० साली त्यांनी जाहीर केलं की ८५० शब्दांत सगळं इंग्रजी बसवता येतं. क्रियापदं म्हणाल तर फक्त १८ : पुट, गेट, टेक, गिव्ह, गो, कम, मेक, कीप, लेट असली. बाकी सगळं या अठरांना अव्ययं जोडून साधायचं. चर्चिलनी १९४३ साली हार्वर्डच्या भाषणात या योजनेची भलावण केली. मुंबईतही तिचा प्रचार झाला. ‘बेसिक’ आणि भारतातलं इंग्रजी अध्यापन या विषयावरचं ॲडॉल्फ मायर्स यांचं पुस्तक १९३८ साली टाइम्स ऑफ इंडिया प्रेसने छापलं. वेस्ट यांनी या योजनेवर कडक टीका केली आणि मला त्यांची बाजू पूर्ण पटते. ‘टॉलरेट’ हा एक शब्द वाचवायला मुलाला ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ दिले, तर तिन्ही शब्द येत असूनही ‘पुट अप विथ’चा अर्थ त्याला कळणार नाही. ठेव, वर, बरोबर, यांतून ‘सोसणे’ कसं निघावं? इंग्रजाला ते सोपं वाटतं, कारण त्याने ते पाळण्यात ऐकलेलं असतं. शब्दांची संख्या कमी झाली, शिकायचं ओझं तेवढंच राहिलं, आणि वर ते यादीत दिसेनासं झालं.

या सगळ्यात माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते टोकियोत. हॅरल्ड पामर हा बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए गावात इंग्रजी शिकवणारा मास्तर. १९१४ साली जर्मन फौजा आल्या आणि त्याला तिथून निघावं लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काही वर्षं काढून तो १९२२ साली जपानी शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून टोकियोला गेला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था तिथे उभी राहिली. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो, याची पद्धतशीर टिपणं या संस्थेने जमवली. शब्दांच्या या सोबतीवरचा तिचा मोठा अहवाल १९३३ सालचा आहे.

ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानला गेला तो साहित्य शिकवायला, क्यूशू बेटावरच्या ओइता गावातल्या एका व्यापारी महाविद्यालयात. तिथल्या मुलांना शेक्सपिअरच्या आधी वाक्य जुळवायला मदत हवी आहे, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. तो पामरच्या कामात ओढला गेला, आणि १९३६ साली पामर मायदेशी परतल्यावर संस्थेच्या कामाचा बराच भार त्याच्यावर आला. ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या दोघा सहकाऱ्यांसह त्याने परक्या विद्यार्थ्यांसाठी एक कोश रचला. या कोशातली नवी गोष्ट म्हणजे क्रियापदांचे २५ साचे. प्रत्येक क्रियापदापुढे अंक दिलेले असत, आणि हे क्रियापद कोणत्या बांधणीत बसतं, कोणत्या बांधणीत बसत नाही, हे त्या अंकावरून कळे.

ही गरज कशातून आली ते हॉर्नबीने १९५४ सालच्या आपल्या वाक्यरचनेच्या पुस्तकात समजावलं आहे. विद्यार्थी ‘टेल मी द मीनिंग’ ऐकतो, आणि त्याच मापाने ‘एक्स्प्लेन मी’ करून मोकळा होतो. ‘आय वॉन्ट टू कम’, ‘आय इन्टेन्ड टू कम’ बरोबर, म्हणून तो ‘आय सजेस्ट टू कम’ म्हणतो. हे वाचताना मी हातातलं पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. ‘मॅडम, एक्स्प्लेन मी धिस’ हे वाक्य माझ्या वर्गात वर्षानुवर्षं उठत होतं. मला वाटायचं, हे ‘मला समजावून सांगा’ या मराठीचं भाषांतर. तेच वाक्य जपानी मुलांच्या शिक्षकालाही टिपून ठेवावंसं वाटलं होतं.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या माझ्या भाचीने पुढे मला आणखी एक गोष्ट दाखवली. जपानीतही क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. एवढंच नाही, तर ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि त्यातल्या ‘मिरु’चा मूळ अर्थही बघणेच. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. आपलं ‘ऊन’ लावून दुसरं क्रियापद जोडायचं, तसंच ते ‘ते’ लावून जोडतात. टोकियोतल्या टिपणांतून तयार झालेला कोश मराठी मुलाला इतका जवळचा का वाटतो, याचं एक कारण मला इथे सापडलं.

तो कोश छापून झाला १९४२ साली. १९४१च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि हॉर्नबीला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आलं. पुढच्या वर्षी त्याला जपान सोडता आलं. त्याच वर्षी टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनाने शत्रूच्या भाषेचा हा कोश बाजारात आणला. एका जपानी प्रकाशकाने युद्ध चालू असताना हे काम तडीस नेलं, याबद्दल जगभरच्या इंग्रजी शिक्षकांनी त्याचं ऋण मानायला हवं. ऑक्सफर्डने तोच कोश १९४८ साली जसाच्या तसा पुन्हा छापला, आणि १९५२पासून तो ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे त्याच्या ई.एल.बी.एस.च्या स्वस्त आवृत्त्या आल्या. आमच्या शाळेच्या कपाटात त्यातली एक होती, पुठ्ठा निघालेली आणि ‘पी’पासून ‘आर’पर्यंतची पानं बोटांनी काळी पडलेली. ‘पुट’ आणि ‘रन’ त्याच पानांत येतात.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. या रूपांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापात पहिल्यांदा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात आलं, आणि ते नाव सुचवण्याचं श्रेय त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. फक्त अशा क्रियापदांचा असा ऑक्सफर्डचा कोश काउई आणि मॅकिन यांनी १९७५ साली केला. १९८७ साली बर्मिंगहॅमहून जॉन सिंक्लेअर यांचा ‘कोबिल्ड’ निघाला. संगणकात साठवलेल्या खऱ्या बोलण्यालिहिण्यातून त्याची उदाहरणं घेतली होती, आणि अर्थ पूर्ण वाक्यात सांगितले होते. हे सगळं मोठं काम आहे, पण दिशा ढाक्याने आणि टोकियोने आधीच दाखवली होती.

महाराष्ट्रात मात्र आपण सगळा वेळ एकाच वादात घालवला : इंग्रजी कितवीपासून? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. पुढे ते पुन्हा पाचवीवर आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ते पहिलीपासून सुरू झालं. प्रत्येक निर्णयाला समर्थक होते, विरोधक होते, आणि दोन्ही बाजूंना तळमळ होती. पण वर्गात उभं राहिल्यावर काय शिकवायचं आणि मराठी मुलाला कुठे ठेच लागते, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

मराठी मुलाजवळ या कामाचं भांडवल जन्मापासून असतं. ‘लिही’ या एका क्रियापदाचं बघा. लिहून घे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून दे, लिहून टाक. आठवीतल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती प्रसंग सांगेल. बाई सांगतायत ते लिहून घ्यायचं, विसरू नये म्हणून लिहून ठेवायचं, अख्खा धडा लिहून काढायचा, पुन्हा मागे हटता येऊ नये म्हणून लिहून द्यायचं, आणि एकदाचं संपवायचं म्हणून लिहून टाकायचं. एवढी तयारी असलेल्या मुलीला ‘राइट डाउन’, ‘राइट आउट’, ‘राइट अप’ यांतला फरक अवघड जायचं कारण नाही. सांगितलेलं टिपून घेणं ते ‘डाउन’, काही न गाळता पूर्ण उतरवणं ते ‘आउट’, टिपणांवरून नीट मांडून अहवाल करणं ते ‘अप’. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या शास्त्रीय व्याकरणापर्यंत मराठीचा एवढा अभ्यास झाला, पण मराठीच्या तासाला शिकलेलं संयुक्त क्रियापद इंग्रजीच्या तासाला बाहेर ठेवायचं अशीच आपली रीत राहिली.

‘ट्राय’चं उदाहरण मी पावसाळ्यात द्यायची. आमच्या वर्गाची लाकडी खिडकी पावसाने फुगून घट्ट बसायची. मुलाला उठवून म्हणायची, ‘ट्राय टू ओपन द विंडो’. तो दोन्ही हातांनी ओढायचा, वर्ग ओरडून बळ द्यायचा. खिडकी उघडायचा प्रयत्न झाला. मग उन्हाळ्यात, तीच खिडकी अल्लद उघडत असताना, ‘इट इज हॉट, ट्राय ओपनिंग द विंडो’. उघडून बघ, वारा येतो का. ‘उघडायचा प्रयत्न कर’ आणि ‘उघडून बघ’, एवढं मराठीत म्हणून घेतलं की पुन्हा समजवावं लागत नसे. ‘स्टॉप’चंही तसंच : ‘बोलायचा थांबला’ आणि ‘बोलायला थांबला’. मराठीने एका प्रत्ययात जे साधलंय तेच इंग्रजी दोन बांधण्यांत साधते.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केलं अशी बातमी आली की गावात लोक समजतात की कर्ज माफ झालं. ‘राइट ऑफ’ म्हणजे बँकेने ते कर्ज बुडीत धरून आपल्या ताळेबंदातून काढलं. कर्जदाराकडून वसुली चालूच राहते. माफीला ‘वेव्ह’ म्हणतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी या गैरसमजातून बँकेची पत्रं न फोडता कोनाड्यात पडून राहिली आणि व्याज वाढत गेलं. क्रियापदाला लागलेलं एक अव्यय न कळल्यामुळे घराचं नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून या विषयाला कुणी किरकोळ म्हटलं की मला राग येतो.

वेस्ट आणि हॉर्नबी यांच्याकडे संगणक नव्हता, मोठा निधी नव्हता. त्यांच्यासमोर वर्ग होता, वह्या होत्या, आणि मूल कुठे अडतं ते लिहून ठेवायची सवय होती. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळांत हजारो शिक्षक आज इंग्रजी शिकवतात, आणि त्यांच्या टेबलावर रोज वह्यांचा गठ्ठा येतो. त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. वर्षाच्या शेवटी वह्या रद्दीत जाण्याआधी त्यातली क्रियापदांची चुकलेली वाक्यं एका जागी उतरवून ठेवा. मुलाला काय म्हणायचं होतं ते शेजारी मराठीत लिहा, आणि इयत्ता व प्रसंगही लिहा. दहा तालुक्यांतल्या अशा वह्या एकत्र आल्या तर मराठी मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचा कोश करता येईल. माझ्याकडच्या नोंदी मी त्या कामाला द्यायला तयार आहे.